संथ जगायचं ठरवलंय? नागपुरात तरी या चुका टाळा

हल्ली धरमपेठेत चार जण कॉफीला बसले, की त्यातला एक तरी म्हणतोच, ‘आता जरा निवांत जगायचं भाऊ, लय धावपळ झाली.’ दिवसा मिहानमधलं ऑफिस, रात्री अमेरिकेचा कॉल आणि मधे वर्धा रोड. त्यामुळे इच्छा रास्तच आहे. पण दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचा उत्साह ओसरतो आणि खापर शहरावर फुटतं. शहर तसं बऱ्यापैकी निवांत आहे. गडबड दुसरीकडेच होते. कमी काय करायचं हे न ठरवता आपण डोक्यावर आणखी काहीतरी चढवून घेतो.

आधी खरेदी, मग निवांतपणा

तांब्याची बाटली, काशाचं ताट, योगाची चटई, मनातलं लिहायला जाड कागदाची वही. मग शनिवारी कुंभारकामाचा वर्ग, रविवारी सायकलवाल्यांचा ग्रुप. आठवडा आधीच गच्च होता, आता त्यात उभं राहायलाही जागा नाही.

पहिला महिना नवीन काहीच सुरू करू नका. फक्त एक गोष्ट सोडा. कोणती, हे शोधायला कॅलेंडरच्या पाठीमागे गेल्या आठवड्यात काय-काय केलं ते लिहून काढा आणि घरी येऊन आपण कशानंतर चिडचिड केली तिथं खूण करा. कुणाची खूण मुलाच्या तिसऱ्या ट्यूशनच्या ने-आणीवर पडेल, कुणाची सोसायटीच्या कमिटीवर. ते सोडलं की खरी परीक्षा सुरू होते, कारण मोकळा माणूस घरच्यांना आणि शेजाऱ्यांना लगेच दिसतो. ‘तू बसूनच आहेस ना, जरा सीताबर्डीला जाऊन ये.’ अशा वेळी ‘मला काम आहे’ म्हणायला लाजू नका. बसणं हेच ते काम, एवढं खोलात जाऊन सांगायची गरज नाही.

बारमाही पहाटे पाच

पाचला उठा, तळ्याकाठी चाला, वगैरे उपदेश बंगळुरूहून किंवा युरोपातून येतात. तिकडचं ऊन आपल्याला ठाऊक नाही, आणि आपलं त्यांना मुळीच ठाऊक नाही. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर असणं ही रोजची गोष्ट, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तो पंचेचाळीसच्या वरही जातो. तेव्हा पाचला उठणं शहाणपणाचंच आहे. साडेपाचला सूर्य उगवतो, अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर चालायचं तर सातच्या आत परत फिरायचं, आठनंतर ऊन चावायला लागतं. पण पाचला उठणारा जुना नागपूरकर दुपारी खिडक्या लावून, कूलरपुढे तासभर आडवाही होत असे. आपण त्यातलं पाचला उठणं तेवढं उचललं, दुपारची झोप सोडली आणि रात्रीचा कॉल कायम ठेवला. याला संथ जगणं नाही, जागरण म्हणतात.

डिसेंबरच्या अखेरीस सूर्यच पावणेसातनंतर उगवतो आणि पारा कधीकधी दहाच्या खालीही जातो. तेव्हा पाचला स्वेटर चढवून स्वतःला शिस्त लावण्यात काय मिळतं, कोण जाणे. त्यापेक्षा वर्षाची दोन वेळापत्रकं करा, मार्च ते मृगापर्यंतचं एक आणि बाकीच्या वर्षाचं एक. उन्हाळ्यात बँक, बाजार, आरटीओ अशी बाहेरची कामं सकाळी नाहीतर संध्याकाळी. दुपारच्या एक ते चारमध्ये, ऑफिसात असलात तरी, बैठक न ठेवता एकट्यानं करायचं काम ठेवा. हे एवढंच केलं तरी मे महिना निम्मा हलका होतो.

‘सगळं घरीच, हातानं’

ही चूक दिसायला सर्वांत गोंडस, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची रांग, मागं कोवळं ऊन, असे व्हिडिओ उन्हाळ्यात फिरतात. त्यामागचं काम असं: गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. मग वाटायचे, पिळायचे, गाळायचे. चीक रात्रभर खाली बसू द्यायचा, पहाटे वरची निवळ ओतून टाकायची. आधणात मीठ-हिंग घालून चीक हाटायला घेतला, की एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं सतत ढवळायचं, हात थांबला की गुठळी झालीच. आणि तो गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, कारण गार झाला की दाबताना खांदे भरून येतात. हे सगळं ऊन चढायच्या आत.

आता प्रश्न असा, की हे करतं कोण? ‘आपण घरचंच खायचं’ असं ठरवणारे बहुतेक वेळा हाटणारे नसतात. ‘तू निवांत झाला, अन् मी पहाटे चारची उठून राहिली,’ असं एका बाईंनी नवऱ्याला सरळ ऐकवलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. एकाच्या निवांतपणाचं बिल घरातल्या दुसऱ्यानं भरायचं, हा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. त्याला नवं गोड नाव मिळालं इतकंच.

म्हणून महिन्याभरानं जेवताना एकदा विचारा: हे सुरू झाल्यापासून घरात कुणाची झोप कमी झाली? बोट आईकडे, बायकोकडे किंवा कामाला येणाऱ्या मावशींकडे गेलं, तर योजना बदला. कुरडया, पापड, मुगवड्या महिला बचत गटांकडून घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. १९८६ मध्ये रोममध्ये फास्ट फूडच्या दुकानाला विरोध करत इटलीत ‘स्लो फूड’ची चळवळ उभी राहिली, तीही स्थानिक चव आणि ती पिकवणारे-बनवणारे लोक टिकावेत म्हणून. सगळं आपल्याच ओट्यावर शिजलं पाहिजे, असा तिचा हट्ट नव्हता. आणि पुरुषांनी एक काम पूर्ण घ्यावं. पूर्ण म्हणजे, रविवारचे पोहे करायचे तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणण्यापासून कढई घासण्यापर्यंत.

फोन फेकून द्यायची घाई

एका रात्री सगळी ॲप उडवायची आणि चौथ्या दिवशी शाळेच्या ग्रुपमधली सूचना हुकली म्हणून परत घ्यायची, हे नेहमीचंच. सेवाग्रामला गेलात तर आश्रमात टेलिफोन पाहायला मिळतो, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी संपर्क ठेवण्यासाठी बसवलेला. गांधीजी १९३६ पासून तिथं राहिले. साधेपणाच्या त्या घरातही फोन होता, पण तो एका जागी होता, माणूस उठून त्याच्याकडे जायचा. तेवढंच उचला. रात्री नऊनंतर फोन हॉलमधल्या चार्जरला, आवाज सुरू ठेवून. ज्याला खरंच गरज आहे तो कॉल करतो.

सुट्टीत कोंबलेली शांतता

शुक्रवारी रात्री पेंच, पहाटेची सफारी, रविवारी घाईनं परत आणि सोमवारी डोळे लाल. वाघ दिसला तर आनंदच आहे, पण ती सहल झाली. तिचं काम वेगळं.

राजीनामा आधी, हिशेब नंतर

घराचा हप्ता, शाळेची फी, आईवडिलांची औषधं, मे-जूनचं विजेचं बिल, हे आधी कागदावर मांडा. कमी पगारात राहायचं असेल, तर पगार पूर्ण येत असतानाच सहा महिने तेवढ्यातच भागवून पाहा, उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका. जमलं तर हाताशी शिल्लकही राहते. नाही जमलं तर नोकरी आहेच.

मधेच अडलं तर

रिकाम्या वेळात कंटाळा आला, तर पहिले काही आठवडे तो येणारच. लगेच नवा छंद शोधू नका, बाल्कनीत बसा, रस्ता पाहा. रात्रीचे कॉल टळत नसतील, तर आठवड्यातले दोनच दिवस मागून घ्या. ‘रोज नको’पेक्षा ‘मंगळवार-गुरुवार चालेल’ हे साहेबांच्या पटकन गळी उतरतं.

राहता राहिले नातेवाईक. लग्नसराईत आठवड्याला पाच रिसेप्शन असतात आणि पाचही ठिकाणी दहा-दहा मिनिटं तोंड दाखवून कुणाचंच समाधान होत नाही. जवळच्या एका लग्नाला सकाळपासून जा, पंगतीत वाढायला उभे राहा, वडाभातावर तेलाची फोडणी आपल्या हातानं घाला. उरलेल्या चार घरी आधी फोन करून ‘लग्न आटोपलं की येतो’ सांगा, आणि पंधरा दिवसांनी खरंच जा. लग्नाच्या गर्दीत हात मिळवून गेलेला पाहुणा कुणाला आठवत नाही, पण अल्बम बघायला आलेल्याला चहाबरोबर संत्रा बर्फीही मिळते.