माळ्यावरच्या जुन्या टॉय ट्रेन विकायच्या (किंवा घ्यायच्या) असतील तर आधी एवढं करा

मामाची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळ्यावरून चार ट्रंका खाली आल्या. मामा बोटीवर होता, बोट लागेल तिथून खेळण्यातल्या जुन्या आगगाड्या उचलून आणायचा, आणि मामीला त्यातलं इंजिन कुठलं नि टेंडर (इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा) कुठलं हेही माहीत नव्हतं. घाईत आम्ही यादीबिदी न करताच एका घेणाऱ्याला घरी बोलावलं. त्याने दोन तास बसून स्वतःच्या मोबाईलमध्ये सगळी यादी केली, आम्हाला ती दाखवली नाही, आणि "भंगारच आहे काकू" म्हणत एक आकडा सांगितला. मामीने चहा पाजून त्याला वाटेला लावलं. तर मुद्दा हा की यादी तुमची पाहिजे, समोरच्याची नाही, आणि ती पहिल्या फोनच्या आधी.

यादीला दोनशे पानी वही पुरते. ट्रंकांना नंबर द्या, मग एकेक वस्तू बाहेर काढून कंपनी, इंजिनावरचा नंबर, काय तुटलंय, खोका आहे का ते लिहा आणि फोटो काढा, पोटाखालचा पण, कारण कंपनीचं नाव बरेचदा तिथेच असतं. गेज, म्हणजे रुळांची रुंदी, ओळखायला शाळेतली पट्टी बस झाली. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ३२ मिमी आलं तर ओ गेज, १६.५ आलं तर ओओ किंवा एचओ, ९ आलं तर एन. मधे तिसरा रूळ असेल तर लायोनेल (अमेरिकन कंपनी) किंवा जुनं हॉर्नबी डब्लो (ब्रिटिश हॉर्नबीची ओओ गेजची मालिका) असू शकतं, आणि रुळाच्या मधोमध बारीक टिकल्यांची रांग दिसली तर जर्मन मार्कलिन. हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या १९२० पासूनच्या, डब्लो १९३८ चं, आणि डब्लोमध्ये दोन रुळांची सिस्टीम १९५९ मध्ये आली. तीन रुळांवरचं इंजिन दोन रुळांवर ठेवू नका, त्याची चाकं इन्सुलेटेड नसतात, सरळ शॉर्ट होतं. (मामाला कायम वाटायचं की १८५३ ला ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं एक दिवस कुठल्यातरी बंदरात त्याला खेळण्यात सापडतील. नाही सापडली.)

आता घेणाऱ्यांसाठी, आणि हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. युद्धाआधीचं जस्ताचं ओतकाम असेल तर उजेडात धरून नीट बघा. त्या मिश्रधातूत शिसं वगैरे मिसळलेलं राहिलं असेल तर तो आतून किडतो, आधी केसासारख्या चिरा, मग फुगतो, वाकतो, आणि एक दिवस तुकडे. वाशीला एका लॉटमध्ये कापसात गुंडाळलेलं इंजिन होतं, वरून रंग चकाचक, मी चाक धरून उचललं तर चाक बोटांत खारीसारखं चुरलं. पैसे आधीच दिले होते. यावर उपाय नाही, एकदा सुरू झालं की थांबत नाही, तसला माल वेगळा काढा आणि त्याचा भाव सुट्या पार्टचा लावा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी उघडलंय हे धरून चाला. रंग फारच नवा वाटला तर कोपरे बघा, रिपेंट असेल तर किंमत चांगलीच पडते. नवीन छापलेले खोके पण मिळतात हं, ७० वर्षांच्या खोक्याची घडी पांढरी फटक नसते.

विकणाऱ्याने एक गोष्ट अजिबात करायची नाही, साफसफाई. मामीने प्रेमाने एका डब्याला भांडी घासायची पावडर लावली आणि बाजूची सोनेरी अक्षरं अर्धी गेली. कोरडा मऊ ब्रश, बास. थिनर नाही, ओलं फडकं नाही. फाटके खोके फेकू नका, चिकटपट्टीही लावू नका, ओरिजिनल खोक्याचे वेगळे पैसे मिळतात.

करंट लावताना सांभाळा. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटला लावलात तर धूर निघेल, आणि जुन्या वायरीचं रबर हात लावला की गळून पडतं, त्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मर चालवून दाखवायच्या भानगडीत पडूच नका, यादीत "तपासला नाही" लिहा. बारा व्होल्ट डीसीवाली हॉर्नबी, ट्रायँग असली इंजिनं ९ व्होल्टच्या बॅटरीवर हलतात, मी खिशात बॅटरी आणि क्लिपवाल्या दोन वायरी ठेवतो. चावीच्या इंजिनाला दोनच पीळ द्या, फुल चावी नको.

मग सरसकट द्यायचं की सुटं, हे मामीशी बसून आधीच ठरवलं. सरसकट घेणारा अर्ध्याच्याही खाली बोलतो, पण त्यालाही तुटकी वॅगन, गंजलेले रूळ सगळं उचलायचं असतं, तोही वेडा नाही. सुटं विकलं तर पैसे जास्त, पण वर्षभर पॅकिंग आणि "लास्ट प्राइस काय" चे मेसेज. आम्ही खोक्यासकट असलेली चांगली इंजिनं सुटी काढली आणि बाकी ढीग एकाला दिला. फक्त चांगला माल एकाला दाखवून मग उरलेला दुसऱ्याच्या गळ्यात मारायला जाऊ नका, या छंदात माणसं थोडी आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात. बाहेरच्या माणसाशी बोलताना सी-७, सी-८ असं ऐकू येईल, ती अमेरिकन कलेक्टरांची सी-१ ते सी-१० ग्रेडिंग, सी-१० म्हणजे एकदम कोरं. विकताना मनातल्या ग्रेडपेक्षा एक खालची सांगा, भांडण होत नाही. आणि वस्तू १०० वर्षांपुढची असून परदेशी पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, कुरियरवाल्याकडे जायच्या आधी चौकशी करा.

ट्रंका पावसाळ्यात उघडू नका, खाडीची दमट हवा पत्र्याला लगेच धरते. पॅकिंगला आधी साधा पांढरा टिश्यू, मग बबल रॅप, कारण बबल रॅप थेट रंगावर राहिला तर गोल गोल डाग पडतात. वर्तमानपत्र नको, शाई लागते. इंजिनं खाली, डबे वर, आणि ट्रंक गच्च भरू नका, आमची एक दोघांना उचलली नाही.

देताना यादीच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, पैसे खात्यात आल्यावरच माल खाली. आणि टेम्पो हलायच्या आधी माळ्यावर परत एकदा टॉर्च मारा. चावीच्या इंजिनाची चावी आमच्याकडे तिथेच डांबरगोळ्यांच्या पुडीत राहिली होती, तो माणूस पुढच्या रविवारी नेरूळहून तेवढ्यासाठी परत आला.