चवथीआधी बुरशी झाडू नका
चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की केरसुणी घेऊन भिंतीवरची काळी-हिरवी बुरशी झाडायची घाई होते. तिथेच चुकतं. कोरडी झाडली की तिचे बीजाणू घरभर उडतात, मग शिंका आणि खोकला. नाकाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून भिंत लगेच सुकवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आमच्या कपाटामागे दर श्रावणात बुरशीचा नकाशा उमटायचा, कपाट ओढलं तेव्हापासून तो थांबला. आर्द्रता ६० टक्क्यांखाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही, पण गोव्याच्या जुलैत नुसत्या खिडक्या उघडून ते कुठलं जमायला! एसी असेल तर ड्राय मोड लावा. आणि कुबट वासावर उदबत्ती नको, धुराची भर पडते.