गमतीच्या कल्पनेतून विकण्याजोगी वस्तू: लाल नाकाच्या चिमट्याच्या निमित्ताने

विकण्याजोगी गमतीची वस्तू शोधायला वही करायचीच असेल तर ती कल्पनांची नको, कटकटींची असू द्या. कल्पनांच्या वहीत पहिल्याच आठवड्यात उडत्या छत्र्या आणि आपोआप घडी होणारी अंथरुणं भरतात, आणि वही बंद होते. कटकटींच्या वहीत प्रत्येक नोंदीला चार गोष्टी लिहायच्या: काम काय होतं, त्या वेळी हात कशात गुंतले होते, असं किती वेळा होतं आणि माणसं सध्या त्यावर काय जुगाड करतात.

चौथी गोष्ट सगळ्यात मोलाची. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलेला दुमडलेला कागद, चष्म्याच्या ढिल्या दांडीला अडकवलेली टाचणी, खाली घसरू नये म्हणून वजनाखाली दाबलेली चार्जरची वायर: ही सगळी जुगाडं म्हणजे गरज खरी असल्याचा पुरावा. एखाद्या त्रासाबद्दल सगळे कुरकुरतात, पण त्यावर कुणीच काही करत नाही, तर ती कुरकुर तोंडदेखली समजा. त्यासाठी कुणी पैसेही काढणार नाही.

उत्तर आधी आणि कटकट नंतर, असंही होतं. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये नीट न चिकटणारा गोंद तयार केला. त्याचं करायचं काय, हे बरीच वर्षं कळत नव्हतं. त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातून खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या खाली पडायच्या. १९७४ च्या सुमारास त्यांना तो गोंद आठवला, आणि १९८० मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून सहज काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आलं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर ‘फसलेल्या पण मजेदार’ गोष्टीही लिहून ठेवा: न चिकटणारं, उलटं फिरणारं, नको तेव्हा वाजणारं.

कटकटीला गंमत कशी लावायची

तीन पिळ बहुतेक वेळा पुरतात. वस्तूला स्वभाव द्या. किंवा तिचं काम अतिरेकाला न्या. किंवा काम कुणी करायचं हेच उलटं करा. गौरी नंदा यांचं क्लॉकी हे गजराचं घड्याळ तिन्ही पिळांचं चांगलं उदाहरण आहे. गजर बंद करून पुन्हा झोपणं ही कटकट. त्यावर हे चाकांचं घड्याळ टेबलावरून उडी मारून खोलीभर पळतं, आणि ते बंद करायला माणसाला उठावंच लागतं. त्याला २००५ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या कामांसाठीचं पारितोषिक) मिळालं आणि पुढे ते बाजारातही आलं.

इथेच एक निर्णय लवकर घ्यावा. जपानमध्ये केन्जी कावाकामी यांनी ‘चिंदोगु’ नावाचा प्रकार रूढ केला: अडचण खरी, उपाय खरोखर बनवलेला, पण तो वापरायला गेलं तर लाजच वाटावी. चिंदोगु विकायचं नाही, असा त्याच्या नियमांतलाच एक नियम आहे. तुमची कल्पना त्या जातीची असेल तर एकच नग बनवा, छायाचित्र काढा, हसा आणि मोकळे व्हा. विकायची असेल तर गमतीखाली एक तरी काम चोख व्हायला हवं. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्या वस्तू एकदा हसवतात आणि मग कपाटात जातात.

पुढे जे उदाहरण घेतलंय त्यातली कटकट साधी आहे. वाळत घातलेले कपडे वाळले का, हे बघायला माणूस पुन्हा पुन्हा जाऊन हात लावतो. हात लावून बघणं हेच त्याचं जुगाड. पिळ स्वभावाचा: कपडा ओला असेपर्यंत त्यातून थोडी वीज वाहते आणि चिमट्याचं नाक लाल राहतं, वाळला की विझतं.

चिमटा बनवणं

साहित्य थोडं आहे. प्लॅस्टिकचा कपड्यांचा चिमटा, ५ मिलिमीटरचा लाल एलईडी (हेच नाक), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (कपड्यातल्या बारीक विजेवर एलईडी चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग), ४७० ओहम, १० किलोओहम आणि १०० किलोओहम असे तीन रेझिस्टर (वीज अडवणारे भाग), सीआर २०३२ बटणसेल व स्क्रूने बंद होणारी त्याची डबी, एम २ मापाचे स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू, त्यांचे नट आणि चार वॉशर, बारीक वायर. चिमटा लाकडाचा घेऊ नका. लाकूड पाणी पितं आणि मग कपडा वाळल्यावरही लाकडातूनच वीज वाहत राहते.

चिमट्याच्या एकाच जबड्याला ५ मिलिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा आणि स्क्रू आतून बाहेर घाला, म्हणजे डोकी कपड्याच्या बाजूला येतील. एक स्क्रू वरच्या आणि एक खालच्या जबड्याला लावायचा मोह होतो. तसं केलं की मधे कपडा नसताना दोन्ही एकमेकांना टेकतात आणि नाक कायम लाल. समोरचा जबडा सपाट प्लॅस्टिकचाच राहू द्या. स्टेनलेसवर साधं सोल्डर बसत नाही, म्हणून वायरीचं सोललेलं टोक दोन वॉशरमध्ये दाबून नट आवळा.

जोडणी अशी. सेलच्या धन टोकाकडून एक वायर एलईडीच्या लांब पायाला. एलईडीच्या आखूड पायापासून ४७० ओहम रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर). धन टोकाकडूनच दुसरी वायर पहिल्या स्क्रूला. दुसऱ्या स्क्रूपासून १० किलोओहम बेसला. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलोओहम. एमिटर थेट सेलच्या ऋण टोकाला. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुसऱ्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर वापरलात तर पायांचा क्रम त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या, तो उलटाही असतो.

बघणाऱ्याला तो १०० किलोओहमचा रेझिस्टर उगाच घातल्यासारखा वाटतो. तो काढला तर नाक विझतच नाही, तासन् तास नुसतं मंद होत जातं आणि ‘वाळला का?’ या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर मिळतं. तो असला की दोन स्क्रूंमधल्या कपड्याचा रोध सुमारे ४०० किलोओहमच्या वर गेला की नाक विझतं. कपडा हाताला कोरडा लागत असूनही नाक लाल राहत असेल तर इथे ४७ किलोओहम लावा, ती सीमा दोनशेच्या आसपास येईल. नाक फार लवकर विझत असेल तर २२० किलोओहम. १० किलोओहमचं काम वेगळं आहे: दोन्ही स्क्रूंना चुकून धातूची चेन किंवा हूक टेकला तरी ट्रान्झिस्टर जळू नये.

ओल्या बोटाने दोन्ही स्क्रूंना स्पर्श केला की नाक उजळायला हवं. नाही उजळलं तर आधी एलईडी उलटा बसलाय का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं.

काय बिघडतं आणि का

चिमटा कपड्याला कुठे लावायचा, यात निम्मं यश आहे. दोरीवरच्या कपड्यातलं पाणी खाली उतरतं, त्यामुळे खालची कड सगळ्यात शेवटी वाळते. दोरीजवळ लावलेला चिमटा ‘वाळला’ म्हणतो तेव्हा खालची दुमडलेली शिवण दमटच असते. म्हणून हा चिमटा दोरीवर लावायचाच नाही. तो खालच्या कडेला, जाड शिवणीवर लावायचा. वाऱ्यावर कपडा उडायचा थांबतो, हा वरचा फायदा. मात्र सेलसकट चिमटा जड झाला तर पातळ कापड ओढलं जातं. पेन्सिलसेल टाळून बटणसेल घेतला तो यासाठीच.

स्टीलऐवजी तांब्या-पितळेचे स्क्रू वापरले की ओल्या कपड्यातून वीज वाहताना धन बाजूचा धातू विरघळतो आणि कपड्यावर हिरवट ठिपका उमटतो. साध्या लोखंडाने गंजाचा डाग पडतो. पांढऱ्या कपड्यावर असा एक डाग पडला की तो गिऱ्हाईक कायमचा गेला.

साबण नीट निघाला नसेल तर उरलेल्या क्षारांमुळे कपडा जास्त वीज वाहू देतो आणि नाक उशिरा विझतं. हा दोष चिमट्याचा नाही, पण माहितीपत्रकात लिहून ठेवावा, कारण तक्रार तुमच्याकडेच येणार.

जोडणीवर दव किंवा थेंब साचला तर तोच कपड्याचं काम करतो. जोडणी गरम गोंदाने पूर्ण झाका आणि धन वायर बेसपासून लांब ठेवा.

उन्हात नाक दिसत नाही. एलईडीवर काळ्या स्ट्रॉचा २ सेंटिमीटरचा तुकडा बसवा. त्या नळीला टोपीचा आकार दिला तर चेहरा आणखी मजेशीर होतो.

सगळ्यात गंभीर दोष आराखड्यातच आहे: सेल संपला तरी नाक विझतं, म्हणजे चिमटा ओल्या कपड्याला वाळला म्हणतो. सुमारे २ मिलिअँपिअरवर हा सेल साधारण ८० ते ९० तास पुरतो, म्हणजे चार तास वाळवण धरलं तर वीस-बावीस धुण्यांइतका. म्हणून ‘लावताना नाक लाल झालं तरच विश्वास ठेवा’ ही ओळ चिमट्यावरच छापायची. वाळल्यावर नाक उजळेल अशी उलटी रचनाही करता येते, पण त्यात आणखी एक ट्रान्झिस्टर आणि वेगळं बटण लागतं, कारण तो चिमटा खणात पडूनसुद्धा उजळत राहील.

सेलच्या डबीला स्क्रू हवाच. लहान मुलाने बटणसेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, आणि लाल नाकाच्या हसऱ्या चिमट्याकडे मुलंच आधी धावणार. इथे काटकसर करायची नाही.

चाचणी

आधी वजनकाट्याची. कोरड्या कपड्याचं वजन लिहून ठेवा, धुऊन वाळत घाला आणि दर अर्ध्या तासाने वजन व नाकाची स्थिती टिपा. कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त पाणी बाकी असताना नाक विझलं तर चिमटा खोटं बोलतोय. जाड सुती, पातळ सुती आणि कृत्रिम धागा अशा तीन कापडांवर तरी हे करा.

मग माणसांची. पाचजणांच्या हातात चिमटा द्या आणि तोंड बंद ठेवा. समजावून सांगावं लागलं तर चूक वस्तूची. कोण चिमटा वरती लावतं, कोण नाक दाबून बघतं, कोण उजेडात नाक शोधतं, ते लिहा. ‘आवडला का?’ हे विचारू नका, भिडेपोटी सगळे ‘हो’ म्हणतात. ‘एक आत्ता घेता का, पुढच्या महिन्यात देईन, पैसे आज’ असं विचारा आणि पाकीट बाहेर येतं का ते बघा.

संरक्षण आणि विक्री

पेटंट मिळायला वस्तू नवी, सहज न सुचणारी आणि उत्पादन करता येण्याजोगी लागते. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. बहुतेक देशांत अर्जाआधी वस्तू जाहीर दाखवली की नवेपणा गेला, त्यामुळे व्हिडिओ टाकण्याआधी शोध घ्या. गूगल पेटंट्स आणि एस्पासनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाचं संकेतस्थळ) इथे शोध फुकट आहे. तिथे आपण ठेवलेल्या गोंडस नावाने काहीच सापडत नाही. ‘कापड’, ‘ओलावा’, ‘चिमटा’, ‘सूचक’ असे कामाचे शब्द इंग्रजीत घालावे लागतात. ओलाव्याचे सूचक जुनेच आहेत, त्यामुळे या चिमट्याच्या वीजजोडणीला पेटंट मिळण्याची आशा धरू नये. गमतीच्या वस्तूत चेहऱ्याचा आकार आणि नाव यांची नोंदणी जास्त कामाला येते, आणि खर्चही कमी.

पहिली खेप वीस नगांची, हाताने बनवलेली. घड्याळ लावून एका नगाला किती मिनिटं लागतात ते मोजा. साहित्य, खोका, तुटफूट, परत आलेले नग आणि ही मिनिटं मिळून खर्च येतो. दुकानातून विकायचं असेल तर दुकानदार साधारण निम्म्यापर्यंत वाटा ठेवतो, म्हणून किंमत साहित्याच्या चौपटीखाली गेली की हातात काही उरत नाही. ती चौपट गिऱ्हाइकाला जड वाटत असेल तर एकेक चिमटा विकू नका. एक लाल नाकाचा आणि पाच साधे, पण चेहरे रंगवलेले, असा संच करा. कपड्यांच्या दोरीला सूचक एकच पुरतो, बाकीचे त्याचे सोबती.

खोका हा विनोदाचा अर्धा भाग. गॅरी डाल यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘पेट रॉक’ विकला: भोकं पाडलेला खोका, आत गवत, गवतावर साधा गोटा आणि त्याचं संगोपन कसं करावं याची पुस्तिका. त्या नाताळात दहा लाखांहून जास्त खपले, आणि काही महिन्यांत लाट ओसरली. अशा वस्तूचा साठा करणं म्हणजे आगीशी खेळ. आधी मागणी घ्या, मग तेवढेच सुटे भाग मागवा, आणि सणांच्या दिवसांसाठी ठेवलेला माल सण संपताच कमी किमतीत मोकळा करा.

सेल डबीत घालून पाठवताना मधे प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी सरकवा, तिचं टोक बाहेर ठेवा. नाहीतर दमट गोदामात पडून पडून चिमटे गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधीच सेल संपवून बसतात.