ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: कॉलनी नेमकी कधी मरते आणि तिला आधीच कसं वाचवायचं

ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड या गेममधे ६३ व्या सायकलला, म्हणजे गेममधल्या ६३ व्या दिवशी, माझी तोपर्यंतची सगळ्यात चांगली कॉलनी मेली. बारा डुप होते, डुप म्हणजे कॉलनीतली माणसं, प्रत्येकाला स्वतःचा बेड, जेवायला टेबल, भिंतीवर चित्रं, सगळं छान चाललेलं. रात्री झोपेतून मीप उठून बसला, गळा धरून, मग स्टिंकी, मग एकेक करत सगळेच शिडीवरून वर पळायला लागले आणि वरच्या मजल्यावर पण हवा नव्हती. अल्गीपासून, म्हणजे शेवाळापासून, ऑक्सिजन करणारे तिन्ही डिफ्युझर बंद पडलेले, अल्गी संपलेली. मी त्या रात्री एक वाजेपर्यंत जुन्या सेव्ह उघडून मागे मागे जात राहिलो, ६० ला गेलो, ५५ ला गेलो, प्रत्येक वेळी तेच मरण, फक्त थोडं उशिरा. मग कळलं की ही कॉलनी ६३ ला मेलीच नव्हती, ती साधारण ४० ला मेली होती, जेव्हा मी कुठलाच हिशोब न करता, नवीन डुप देणाऱ्या प्रिंटिंग पॉडमधून आठवा, नववा, दहावा डुप घेत सुटलो.

हे सगळं लिहितोय कारण या गेममधे नवीन येणारा प्रत्येक जण इथेच अडकतो आणि मग सोडून देतो, आणि इतका सुंदर गेम सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

तर पहिली गोष्ट. साठा बघू नका, रोजचा खर्च बघा. ५६ व्या सायकलला माझ्याकडे पाच टन अल्गी दिसत होती, म्हणून मी निवांत होतो. आता आकडे बघा. एक डुप सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो. एक सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे एका डुपला दिवसाला ६० किलो ऑक्सिजन. डिफ्युझर ५५० ग्रॅम अल्गी खाऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतो, म्हणजे एका डुपमागे दिवसाला ६६ किलो अल्गी. बारा डुप म्हणजे ७९२ किलो. पाच टनाला ७९२ ने भागा, सहा दिवस आणि वर थोडं. पाच टन म्हणजे सहा दिवस! आमच्या सोसायटीत मे महिन्यात टाकी भरलेली दिसली की सगळे खुश होतात, पण वॉचमन मात्र विचारतो की उद्या टँकर येणारे का, तोच प्रश्न इथे रोज विचारायचा.

मी आता कागद घेऊन बसतो, खरंच. तीन ओळी लिहितो, हवा, पाणी, अन्न, आणि प्रत्येकासमोर किती दिवस पुरेल ते. दर पाच सायकलला स्पेसबार दाबून पॉज करायचं आणि हे आकडे परत लिहायचे. कुठलाही आकडा वीसच्या खाली आला की नवीन बांधकाम बंद, आधी ते निस्तरायचं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर या गेममधे शंभर टक्के उशीर झालेला असतो, कारण खणणारा डुप अर्ध्या वाटेत श्वास घ्यायला परत वर येतो, परत खाली जातो, आणि काम तसंच पडून राहतं.

प्रिंटिंग पॉड दर तीन सायकलला नवीन माणूस देऊ करतो. नाही म्हणता येतं! हे मला कितीतरी दिवस माहितीच नव्हतं, मला वाटायचं की घ्यायलाच लागतो. सगळे नाकारा किंवा सामानाचं पॅकेज असेल तर ते घ्या. सुरुवातीचे तीन आणि मग हळूहळू सहा ते आठ, इलेक्ट्रोलायझर (पाण्यापासून ऑक्सिजन काढणारं मशीन) चालू होईपर्यंत त्याच्या पुढे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि घेताना त्याचे दुर्गुण वाचा, तोंडाने श्वास घेणारा डुप बाकीच्यांपेक्षा खूप जास्त ऑक्सिजन ओढतो, तो सुरुवातीला नकोच.

इलेक्ट्रोलायझरचं पण गणित सांगतो म्हणजे फसणार नाही. सेकंदाला एक किलो पाणी घेतो, ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन देतो. म्हणजे साधारण आठ-नऊ डुपची सोय एका मशीनमधे. पण दिवसाला ६०० किलो पाणी गेलं, आणि तळ्यातला एक भरलेला चौकोन साधारण एक टनाचा असतो, तर पाच दिवसात तीन चौकोन गायब. म्हणून आधी गीझर, म्हणजे जमिनीतून पाणी उसळणारी जागा, शोधून ठेवा. आणि गीझर सापडला म्हणून पण नाचू नका, तो कितीतरी सायकल झोपून पण राहतो, त्याचा अभ्यास डुपकडून करून घ्या आणि सरासरी बघा, वाहतानाचा आकडा बघून भुलू नका. हायड्रोजन वर जातो, तो छताला गोळा करून हायड्रोजन जनरेटरला दिला की १०० ग्रॅमला ८०० वॉट मिळतात, म्हणजे ते मशीन स्वतःची वीज स्वतःच काढतं, मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

कार्बन डायऑक्साइड खाली बसतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर अर्ध्या चुका टळतात. मी पहिल्या तीन कॉलन्यांमधे बेडरूम सगळ्यात खाली केली होती, नकाशात ती जागा मोकळी दिसायची म्हणून. रोज रात्री डुप उठायचे, धापा टाकत वर जायचे, परत येऊन झोपायचे, सकाळी सगळ्यांचा स्ट्रेस वाढलेला, आणि मी चित्रं आणि कुंड्या लावत बसलेलो. एफ वन दाबा, ऑक्सिजनचा ओव्हरले येतो, कुठे हवा आहे आणि कुठे नाही ते रंगात दिसतं. बेड वर, आणि सगळ्यात खाली एक खड्डा खणा जिथे कार्बन डायऑक्साइड आपोआप साचेल. त्या खड्ड्यात अन्न ठेवा, तिथे ते लवकर खराब होत नाही. मीलवूड, म्हणजे अन्न देणारं झाड, ते पण त्या हवेत वाढतं.

मीलवूडचं गणित सोपं आहे. एक डुप दिवसाला १००० किलोकॅलरी खातो, एक झाड तीन दिवसांनी ६०० देतं, म्हणजे एका डुपमागे पाच झाडं, आणि प्रत्येक झाडाला रोज १० किलो माती. बारा डुपना साठ झाडं आणि दिवसाला ६०० किलो माती, माती पण संपते, हे पण कुणी सांगत नाही.

आता संडास. हसू नका, मी दोन कॉलन्या संडासामुळे घालवल्यात. पहिल्यांदा आउटहाउस, म्हणजे बिनपाण्याचा साधा संडास, भरलं, ते पंधरा वेळा वापरलं की साफ करून त्यात माती घालावी लागते आणि माझे सगळे डुप खणायला गेलेले. एकाला आवरलं नाही, शिडीवरच झालं, शिडी बरोबर पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावर, सगळं त्यात पडलं, आणि फूड पॉयझनिंगचे जंतू त्या पाण्यातून जेवणात गेले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की तळ्याच्या वर संडास नाही आणि संडासाकडे जाणारी शिडी पण नाही.

दुसऱ्यांदा मी शहाणा होऊन लॅव्हेटरी, म्हणजे फ्लशचे संडास, लावल्या, घाण पाणी गाळणारी वॉटर सीव्ह लावली, पाणी फिरत राहील असा लूप केला, आणि पंधरा-वीस सायकलनी सगळे संडास एकदम बंद. का ते सांगतो. लॅव्हेटरी ५ किलो पाणी घेते आणि ११.७ किलो घाण पाणी सोडते. प्रत्येक वापरात ६.७ किलो जास्तीचं पाणी तयार होतं. बंद लूपमधे ते जाणार कुठे, पाईप भरतो, सीव्ह थांबते, मागचा पाईप तुंबतो, आणि संडास फ्लश होत नाही. उपाय असा की सीव्हमधून येणाऱ्या पाईपवर एक ब्रिज, म्हणजे छोटा जोडपाईप, बसवायचा, ब्रिजचं तोंड पाईपवर आणि दुसरं टोक संडासांकडे, आणि मूळ पाईप तसाच पुढे एका वेगळ्या टाकीकडे न्यायचा. पाणी आधी ब्रिजमधे शिरतं, तिकडे जागा नसेल तरच पुढे टाकीकडे जातं. एकदा हे कळलं की गेममधल्या अर्ध्या प्लंबिंगला हीच युक्ती चालते. त्या टाकीतलं पाणी पिण्याच्या तळ्यात मात्र सोडू नका, सीव्ह घाण काढते पण जंतू काढत नाही.

इथेच एक सांगतो, जुने व्हिडिओ बघताना तारीख बघा. गेम २०१७ ला अर्ली ॲक्सेसमधे आला, पूर्ण रिलीज जुलै २०१९ ला, आणि मधल्या काळात खूप काही बदललं. पूर्वी वॉटर सीव्हमधून पाणी नेहमी ४० डिग्रीचं यायचं, लोक त्यावर आख्खी कूलिंग बसवायचे. आता जसं आत जाईल त्याच तापमानाचं बाहेर येतं. मी एक जुना व्हिडिओ बघून दोन संध्याकाळी फुकट घालवल्यात.

आणि आता उष्णता, सगळ्यात वाईट. हवा संपली तर डुप गळा धरतात, दिसतं तरी. उष्णता काहीच दाखवत नाही. माझं मीलवूडचं शेत होतं २४ डिग्रीला, त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर मी दोन कोळशाचे जनरेटर आणि चार बॅटऱ्या ठेवल्या, वायर कमी लागते म्हणून. रोज थोडं थोडं तापत गेलं. मीलवूड ३० डिग्रीच्या वर वाढायचं थांबतं, मरत नाही, हिरवंच दिसतं, नुसतं थांबतं. कपाटात २०,००० किलोकॅलरी होत्या म्हणून मला चिंता नव्हती, पण दहा डुपना ते दोन दिवसांचं जेवण आहे. तिसऱ्या दिवशी उपाशी. आणि तापलेली जमीन एका दिवसात गार होत नाही, भोवतालचा प्रत्येक दगड तापलेला असतो.

म्हणून एफ थ्री, म्हणजे तापमानाचा ओव्हरले, रोज दाबा. शेताचा मजला नारिंगीकडे झुकायला लागला की त्याच दिवशी काहीतरी करा. जनरेटर, बॅटऱ्या, रिफायनरी हे सगळं वस्तीपासून लांब, मधे इन्सुलेटेड टाईलची भिंत. इलेक्ट्रोलायझरचा ऑक्सिजन ७० डिग्रीचा येतो, तो सरळ बेडरूममधे सोडाल तर कॉलनी आतूनच भाजते, तो थंड भागातून पाईपने फिरवून मग आणा. कोळशाच्या जनरेटरला स्मार्ट बॅटरी ऑटोमेशन वायरने जोडा म्हणजे गरज असेल तेव्हाच चालेल, नाहीतर तो सेकंदाला एक किलो कोळसा खात बसतो.

पुढे कायमचा उपाय म्हणजे ॲक्वाट्यूनर आणि स्टीम टर्बाईन. ॲक्वाट्यूनर त्याच्यातून जाणारं पाणी १४ डिग्रीने गार करतो आणि ती उष्णता भोवतालच्या वाफेत टाकतो, टर्बाईन १२५ डिग्रीच्या वरची वाफ खाऊन वीज देते आणि ९५ डिग्रीचं पाणी परत सोडते. ॲक्वाट्यूनर स्टीलचाच करा, दुसऱ्या धातूचा घाईने केलात तर तो स्वतःच तापून मोडतो. आणि पाईपमधे साधं पाणी घालू नका. माझं आठ डिग्रीचं पाणी आत गेलं, वजा सहाचं होऊन बाहेर आलं, म्हणजे बर्फ, पाईप फुटला, आणि तो पाईप वाफेच्या खोलीत होता जिथे दुरुस्तीला कुणी जाऊच शकत नाही. घाण पाणी वापरा, ते वजा वीसच्या आसपास गोठतं, आणि पाईपवर थर्मो सेन्सर लावून १५ डिग्रीच्या वर असेल तरच चालू असं ठेवा.

वायरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, साधी वायर १००० वॉट घेते, त्याच्या वर गेलात की जळते, ट्रान्सफॉर्मर टाकून सर्किट वेगळे करा, झालं.

खणताना मात्र घाई नको. तळं दिसलं की बाजूने फोडू नका, वरून खणून पंप सोडा, बाजूने फोडलंत तर सगळं पाणी तुमच्या जनरेटरच्या खोलीत. हिरव्या दलदलीच्या भागात स्लाईम असते, तिच्यातून घाण हवा आणि स्लाईमलंग या आजाराचे जंतू दोन्ही येतात, स्लाईम ठेवायचं कपाट पाण्याखाली बांधा म्हणजे ती वायू सोडत नाही. आणि डुप भिंत बांधताना स्वतःलाच आत कोंडून घेतो, तेव्हा शिडी आधी, भिंत नंतर.

एवढं करूनही कोसळायला लागलं तर पहिलं काम पॉज. मग रिसर्च, चित्रं, सजावट, सगळ्या मशीनची वीज तोडा. दोन डुप हाताने फिरवायच्या जनरेटरवर बसवा, त्यावर फक्त डिफ्युझर. एकाला जवळची अल्गी खणायला पाठवा. जेवण नसेल तर मायक्रोब मशरमधे ७५ किलो माती आणि ७५ किलो पाण्यात मश बार होतो, ८०० किलोकॅलरी, चव वाईट, स्ट्रेस वाढेल, पण जगतील. प्रायॉरिटी नऊ फक्त या दोन-तीन कामांना द्या, सगळ्यांनाच दिलीत तर कुठलंच आधी होत नाही. रेड अलर्ट एखाद्या सायकलपुरताच, डुप झोप सोडून काम करतात आणि मग कोसळतात.

आणि दर दहा सायकलला स्वतःच्या नावाने सेव्ह करा, "३०", "४०" असं. ऑटोसेव्ह जुने पुसत जातात. माझ्याकडे त्या रात्री ४० ची सेव्ह असती तर मी तो आठवा डुप नाकारून मीप आणि स्टिंकीला घेऊन पुढे गेलो असतो. आत्ताच्या कॉलनीत ते दोघेही आहेत, २१८ वी सायकल, नऊ डुप, शेत २२ डिग्रीला, आणि आज रात्री पाण्याची ओळ परत लिहायचीये कारण गीझर कालच झोपलाय.