ओळंबा आणि लाईनदोरी : ट्रॅकसाठी घरच्या घरी अलाइनमेंट

माझी ट्रॅकची गाडी म्हणजे जुनी पेट्रोल स्विफ्ट. खाली उतरवलेली, मागची सीट काढलेली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर, पहिल्यांदा नेली तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, कंपनीच्या मापाचंच होतं, मशीनच्या पडद्यावर सगळं हिरवं. परत आलो तर पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड खवणीने किसल्यासारखी झाली होती, आणि आतला भाग जवळपास नवा. त्या हिरव्या आकड्यांचा दोष नाही. ते हायवेसाठी असतात. वळणात गाडी कलते, बाहेरचं चाक तिच्याबरोबर बाहेर झुकतं आणि टायर कडेवर उभा राहतो. स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) गाडीत स्प्रिंग दबली तरी उणे कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूचा आत झुकाव, फारसा वाढत नाही, म्हणून तो आधीच देऊन ठेवावा लागतो.

आता हे काम मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला आमच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये करतो. लागतं ते सगळं गवंड्याकडे मिळतं: लाईनदोरी, ओळंबा, पाण्याची लेव्हल नळी. शिवाय दोन पीव्हीसी पाईप, स्टीलची पट्टी आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना).

सगळ्यात जास्त वेळ फरशीला द्या. पॅकहाऊसची फरशी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते. डोळ्याला सपाट दिसते, पण लेव्हल नळी लावली तेव्हा चार चाकांच्या जागांत ११ मिमीचा फरक निघाला. इतका फरक असला की एका बाजूचा कॅम्बर जास्त आणि दुसरीचा कमी दिसतो, आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. चारही जागी खडूने चौकोन आखा, पाणी एका रेषेत येईपर्यंत खाली प्लाय आणि पत्र्याचे तुकडे घाला, आणि त्या जागा कायमच्या रंगवून ठेवा. पुढच्या वेळी अर्धा दिवस वाचतो. पुढच्या चाकांखाली टाइलचे दोन-दोन तुकडे ठेवा, गुळगुळीत बाजू एकमेकींकडे आणि मध्ये ग्रीस. चाक मोकळं सरकलं नाही तर माप खोटं येतं.

गाडी ट्रॅकवर जशी असेल तशीच उभी करा. तेच टायर, तेवढंच पेट्रोल, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याइतकं वजन. मी ४५ किलोची युरियाची गोणी ठेवतो, वर २५ किलोचं धान्य. हवा चारही चाकांत बघून घ्या. टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट किंवा खालच्या आर्मचे बुश ढिले असतील तर आधी ते बदला. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट पहिल्याच वळणात बदलतं.

क्रम पाळा. गाडीची उंची आधी, मग कॅम्बर, शेवटी टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांच्या पुढच्या कडा आत वळल्यात (टो-इन) की बाहेर (टो-आउट). कॅम्बर हलला की टो आपोआप हलतो, म्हणून टो आधी लावला तर मेहनत वाया जाते. कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, या गाडीत सहज बदलता येत नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत एवढं बघून पुढे जा.

कॅम्बर मोजायला ओळंबा चाकाच्या बाहेर, मध्यावरून सोडा. टायरचा खालचा फुगीर भाग दोरीला लागता कामा नये. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं आणि खालच्या कडेचं अंतर मोजा. १५ इंची रिमवर या दोन जागांत साधारण ४०० मिमी अंतर पडतं, आणि ४०० मिमीवर ७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश. वरची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर कॅम्बर उणे. ओळंबा डोलायचा थांबू द्या. पॅकहाऊसचा पंखा चालू असला तरी माप चुकतं, म्हणून मी शटर लावून पहाटे काम करतो. मे महिन्यात आमच्याकडे तसंही पहाटेशिवाय काही होत नाही.

स्विफ्टमध्ये स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असतात. त्यातला एक काढून तिथे कॅम्बर बोल्ट घालता येतो. जास्त हवं असेल तर वरच्या माउंटला कॅम्बर प्लेट लागते. साध्या रस्त्याच्या टायरवर पुढे उणे २ ते उणे २.५ अंश ही चांगली सुरुवात. माझ्या बोल्टांनी १३ मिमीपर्यंतच गेलं, म्हणजे जेमतेम उणे १.९, आणि तेवढ्यानेही गाडी वळणात वेगळी वाटली. बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळा आणि बोल्टपासून स्ट्रटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. एकदा मी रेघ न ओढता गेलो आणि दुसऱ्या सेशनमध्ये बोल्ट सरकला. गाडी ब्रेकवर डावीकडे ओढू लागली आणि कारण कळायला दुपार झाली.

जॅकवर उचललेली गाडी खाली घेतली की चाकं आत ओढलेली राहतात. दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला, बॉनेट दाबून सोडा, मगच मोजा. खाली शिरताना घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय शिरू नका.

टो साठी एक पाईप गाडीच्या पुढे, एक मागे, दोन्ही हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीवर आडवे ठेवा. दोन्ही पाईपांवर अगदी सारख्या अंतरावर खाचा करा आणि त्यांतून दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणा. मग पुढच्या दोन हबपासून दोऱ्यांची अंतरं आपसात सारखी होईपर्यंत पाईप सरकवा, तसंच मागच्या दोन हबचं करा. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळेलच असं नाही, त्याची काळजी नको. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर घ्या. पुढची कड दोरीपासून लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. स्टिअरिंगचा रॅक चाकाच्या मध्यापेक्षा मागे असेल तर टाय रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो. दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसतं.

ट्रॅकला मी पुढे दोन्ही मिळून २ मिमी टो-आउट ठेवतो. गाडी वळणात चटकन शिरते. पण नोएडा आमच्यापासून हजार किलोमीटरहून लांब आहे आणि टो-आउटवर तेवढं चालवलं तर टायर आतून खाल्ला जातो. म्हणून जाताना टो शून्य. टाय रॉडवर नेलपॉलिशची खूण, वहीत किती आटे फिरवायचे ते, आणि बदल तिथे पोचल्यावर पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत). मागचा ॲक्सल सरळ बीमचा आहे, शिम (पातळ पत्र्याची चकती) घातल्याशिवाय बदलत नाही. मागच्या चाकांना ताकद असलेली स्पोर्ट्स कार असेल तर मात्र मागे थोडा टो-इन नक्की द्या. नाहीतर वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की शेपूट निसटते.

बाकीचं टायर सांगतो. पिटमध्ये येताच, गाडी थंड करणारा फेरा न मारता, टायरमध्ये टोचायच्या थर्मामीटरने आत, मध्ये, बाहेर असं तापमान घ्या. बंदुकीसारखं थर्मामीटर फक्त पृष्ठभाग दाखवतं आणि तो लगेच गार होतो. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा ५ ते ८ अंशांनी गरम असेल तर कॅम्बर बरोबर. बाहेरची गरम असेल तर अजून उणे कॅम्बर पाहिजे. मधला भाग दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. बुद्ध सर्किट घड्याळाच्या दिशेने चालतं आणि १०-११ नंबरचं लांबलचक उजवं वळण सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर टाकतं, म्हणून निर्णय त्याच टायरवरून घ्या.

हवेचं एक ध्यानात असू द्या. दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय बदलतो. सावद्यात ४० अंशांत भरलेली हवा डिसेंबरात नोएडाच्या १० अंशांच्या सकाळी ५ पीएसआयने उतरलेली असते. तिथे पोचून पुन्हा भरा. कॅम्बर कमी पडतोय असं वाटणाऱ्या माझ्या एका अख्ख्या सकाळचं कारण तेवढंच होतं.

संध्याकाळी निघण्याआधी टो शून्यावर आणा, लॉकनट आवळा, कॅम्बर बोल्टवरची रेघ बघा. ५० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा तपासा.