समुद्रासाठी रीळ घेताय? या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी संपली की माझ्या ओट्यावर मासेमारीच्या रॉडची, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायची, दोन-तीन मेलेली रिळं येऊन पडतात. हतनूर धरणाच्या पाण्यात मरळ काढणारी आमच्या भुसावळची पोरं एकदा कोकणात जाऊन येतात आणि आल्यावर हँडल का फिरत नाही म्हणून मला विचारतात. कारणं तीच ती.

सगळ्यात जास्त डोकं फिरवतात ते खोक्यावरचे आकडे. '१३+१ बेअरिंग, २० किलो ड्रॅग', किंमत १,८०० रुपये. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी किती जोरावर सुटू द्यायची तो ब्रेक. आता वीस किलो म्हणजे काय ते रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. केळीचा चांगला भरलेला घड. तो नऊ फुटी रॉडच्या शेंड्याला अडकवून उभं राहून दाखवा, मग ड्रॅगचं बोला. २० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी साधारण ९ किलोला तुटते. ड्रॅग ठेवायचा त्याच्या पाव ते तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. मी सामान तोलायचा लटकता काटा दोरीला बांधून ओढून बघतो. लोक हसतात, हसू देत. जास्तीत जास्त ड्रॅग किती, यापेक्षा तो सुटताना गुळगुळीत सुटतो का, हे महत्त्वाचं. स्वस्त रिळात ड्रॅगला बहुतेक वेळा फेल्टच्या (लोकरी कापडाच्या) चकत्या असतात, समुद्रासाठी ग्रीस लावलेल्या कार्बनच्या चकत्या बघून घ्या.

बेअरिंगचंही तसंच. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनियनला (त्याच्याशी जुळणारा छोटा गिअर) आणि लाइन रोलरला (दोरी जिच्यावरून वळते ती चाकी) चांगली बेअरिंग असली की काम भागतं. चार-पाच झाली. त्यापुढचं प्रत्येक बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा.

हे मी माझ्या भाच्याला सांगितलं होतं. तो धुळ्याचा, ऐकतो कशाला. तीन वर्षांपूर्वी असंच तेरा बेअरिंगचं रीळ घेऊन माझ्याबरोबर दापोलीकडे आला. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, उभे होतो, भरती चढत होती. तिसऱ्या-चौथ्या फेकीला त्याच्या ल्यूरवर, म्हणजे नकली आमिषावर, तांबोशी बसली. तांबोशी लागली की सरळ दगडाच्या कपारीत घुसते, तिथे दोरी एकसारखी सुटायला हवी. याचा ड्रॅग आधी अडकला, मग झटक्याने सुटला, परत अडकला. दोरी फटकन तुटली. साहेबांनी रागाने रीळ तसंच वाळूत टेकवलं, संध्याकाळी ओल्या टॉवेलात गुंडाळून डिकीत टाकलं. रात्रभराचा प्रवास, आणि पुढे तीन दिवस गाडी धुळ्याच्या मे महिन्याच्या उन्हात. चौथ्या दिवशी फोन: "मामा, हाई फिरत नही."

तोवर त्याने गंज सोडवायचा स्प्रे अर्धा डबा आत मारलेला होता. हा दुसरा गुन्हा. तो स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. आतलं होतं नव्हतं ते ग्रीसही तो धुऊन नेतो. उघडलं तर लाइन रोलरचं बेअरिंग तपकिरी भुगा झालेलं, हँडलखालचं जाम. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू जिथे बसतो तिथे पांढरी पूड. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली; ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रू शाबूत राहतो. तेरापैकी तीन बेअरिंग फिरत होती. ते रीळ अजून माझ्या खिडकीत आहे, नवीन आलेल्या पोरांना दाखवायला.

म्हणून आपल्यासारख्या लांबच्या माणसाने रीळ निवडताना आधी परतीच्या प्रवासाचा विचार करावा. किनाऱ्यावरचा माणूस अर्ध्या तासात घरी जाऊन रीळ धुतो. आपण धुणार कुठे? मी लॉजवरच धुतो. ड्रॅग पूर्ण आवळायचा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार. बादलीत बुडवायचं नाही, नळीने जोरात मारायचं नाही, मिठाचं पाणी आणखी आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं आणि मग ड्रॅग सैल सोडायचा. घरी आल्यावर बोअरच्या पाण्याने धूत असाल तर नीट पुसा. ठिबकच्या नळ्यांत जो क्षार बसतो तोच इथेही बसतो. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मी रीळ उघडून ग्रीस बदलतो. ज्याला हे करायचा कंटाळा आहे त्याने महाग रीळ घेऊ नये, स्वस्तही घेऊ नये.

'सील असलेलं आहे, काही होत नाही,' असं म्हणणारेही आहेत. अशा रिळावर लिहिलेलं आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी. पाण्यात बुडवायची परवानगी त्यात नाही. आणि सीलही जुनं होतं.

आकाराच्या नंबरावर भांडू नका. एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ३००० एवढं असू शकतं. वजन आणि दोरी किती मावते ते बघा. मरळीचं २५०० खाडीत लहान माशाला चालेल. खडपावरून जिताडा-तांबोशीला ४०००-५०००, पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, बारा फुटी रॉडला ६००० ते ८०००. १०००० घेऊन खडपावर दिवसभर फेकणारा दुपारी खांदा धरून बसलेला मी पाहिलाय.

गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग किती वेळा फिरतो तो आकडा, ५ च्या आसपास असला की बरं, ल्यूर जोरात पळवायचा असेल तरच ६ च्या वर जा.

ब्रेड थेट स्पूलवर, म्हणजे दोरीच्या चकरीवर, गुंडाळली तर ती अख्खी घसरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. खाली थोडी नायलॉन दोरी घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर सोडा.

बेल, म्हणजे फेकताना उघडायची तारेची कडी, हाताने बंद करा. हँडल मारून नाही. दोरीचे अर्धे गुंते इथूनच होतात.

भाच्याकडे आता पाच बेअरिंगचं रीळ आहे. लॉजवर पोचला की स्वतःच्या अंघोळीआधी त्याला अंघोळ घालतो, आणि सूनबाई दाराबाहेर बादलीची वाट बघत उभ्या असतात.