शिवसागरासाठी पहिली मोटरबोट निवडताना

बामणोली किंवा तापोळ्याच्या काठावरून स्वतःची बोट पाण्यात उतरवायची असेल, तर खरेदीपूर्वीच जलसंपदा आणि वन विभागाकडे परवानगीची चौकशी करावी, कारण कोयना धरणाच्या या जलाशयाचा काही भाग अभयारण्याच्या हद्दीत येतो.

चार जणांच्या कुटुंबाला 14 ते 16 फुटांची, रुंद बुडाची फायबरची बोट पुरते. उन्हाळ्यात पाणी उतरून काठ उघडा पडतो, तेव्हा उथळ पाण्यातही तरंगणारी बोटच सोयीची ठरते.

जुनी बोट घेताना, जिच्यावर इंजिन बसवतात ती मागची फळी सर्वांत आधी तपासावी. नाण्याने ठिकठिकाणी ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ती बहुधा शाबूत असते, बद्द आवाज आला तर आतले प्लायवूड पाण्याने कुजले असण्याचा संभव असतो, आणि अशी बोट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. फळीची उंची सुमारे 15 इंच असल्यास आखूड शाफ्टचे (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा), 20 इंच असल्यास लांब शाफ्टचे इंजिन लागते. इंजिन फोर-स्ट्रोक घ्यावे. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचेच हवे; मोठ्यांचे जॅकेट पाण्यात लहान मुलाच्या डोक्यावरून सहज निसटते.